पाठ पहिला : कडी लावणे

चालू वर्षाच्या उन्हाळ्याच्या प्रारंभी, एका शनिवारी, न्याहारी आटोपून दुपारचे जेवण अद्याप दूर असताना, आमच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे असलेल्या बालवाडीत, मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीचे दार आतून लागले. त्या क्षणी खोलीच्या आत माझी सव्वादोन वर्षांची कन्या होती. आणि खोलीच्या बाहेर मी, माझी पत्नी, स्वतः मुख्याध्यापिकाबाई, शाळेचा शिपाई आणि प्रवेशासाठी ताटकळलेले काही पालक, असे उर्वरित जग होते. कडी लागल्याबद्दल त्या वेळी जी जी मते व्यक्त झाली, ती सारी मला उद्देशून होती. वास्तविक मी बाहेर होतो, आणि बाहेरच्या मनुष्याला आतून कडी लावता येत नाही, हे कोणत्याही विचारी माणसास पटावे. परंतु संकटकाळी विचारी माणसे फार थोडी उरतात, आणि जी उरतात त्यांना ‘तुम्ही जरा बाजूला व्हा’ असे सांगण्यात येते.

तथापि न्यायाच्या दृष्टीने एवढे मान्य केले पाहिजे की, कडी लावण्याची विद्या तिला मीच शिकवली होती.

आमच्या कन्येला घरात भिंगरी म्हणतात. हे लाडाचे नाव नसून वर्णन आहे. ती बसत नाही. फार तर उठण्याच्या दोन क्रियांमध्ये क्षणभर जमिनीला टेकते. तिच्यासाठी आणलेली खेळणी, म्हणजे खुळखुळे, ठोकळे आणि किल्ली दिली की लंगडत चालणारे एक बदक, यांच्याकडे तिने कधी ढुंकून पाहिले नाही. मात्र कपाटाची खिट्टी, दाराची कडी, पेटीचा कोयंडा यांच्यापुढे ती तास न् तास उभी राहून खुडबुड करी. या निरीक्षणावरून मी असा सिद्धांत काढला की, मूल ज्या वस्तूकडे धावते ती वस्तूच त्याची पाठ्यवस्तू होय. सबब एका फळीवर नाना प्रकारच्या कड्या बसवून ती फळी तिला अभ्यासासाठी द्यावी.

सिद्धांत ऐकून पत्नी म्हणाली, “अहो, मग एक खिट्टी आणा, जुन्या पाटाला ठोका. झालं.”

‘झालं’ या शब्दाइतका शास्त्राचा शत्रू दुसरा नाही. मी लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो.

“दार केवढं आहे?” दुकानदाराने विचारले.

“दार नाही.”

“मग खिडकी?”

“खिडकीही नाही.”

“मग कड्या कशाला लावणार?”

“शिक्षणाला.”

दुकानदाराने मान मागे वळवून आतल्या अंधाराला हाक मारली, “दादा, हातातलं ठेव आणि बाहेर ये. हे तू ऐकायलाच पाहिजे.” दादा आला. मी माझा सिद्धांत आरंभापासून पुन्हा मांडला. दोघांनी तो इतक्या गंभीरपणे ऐकला की, दुकानातून बाहेर पडताना कोयंडे, अडसर, साखळी, सरकते बोल्ट आणि गोदामाच्या फाटकाला लावण्याची एक अजस्र कडी, एवढे सामान माझ्या पिशवीत होते.

जिन्यातच वरच्या मजल्यावरचे काका भेटले. काका निवृत्त अभियंता आहेत. म्हणजे आयुष्यभर जे सल्ले त्यांनी पगार घेऊन दिले, ते आता फुकट देतात, आणि मागितले नसले तरी देतात. वाटेत वखारीतून घेतलेली फळी माझ्या काखेत होती; ती त्यांनी वाकवून पाहिली. “पातळ आहे,” ते म्हणाले. “पातळ फळी वाकणार. वाकली की कडी कोयंड्यात बसणार नाही. बसली नाही की मूल चिडणार. आणि चिडलेलं मूल पुढे…” त्यांनी वाक्य अर्धवट सोडून जिन्याच्या कठड्याकडे अशा काही नजरेने पाहिले की मी तत्काळ जाड फळी आणली. जाड फळी भिंतीला टेकून उभी राहीना. पुढे पडली तर मुलीच्या अंगावर, मागे सरकली तर फुलदाणीवर. तेव्हा ती भिंतीत पक्की करणे प्राप्त झाले. आणि भिंतीला पहिले भोक पडताच इमारतीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले.

“भोक पाडायला कमिटीची परवानगी लागते.”

“भिंत माझ्या घरातली आहे.”

“या बाजूने तुमची. भिंतीला दोन बाजू असतात, साहेब.”

या विधानातील तर्कदोष मी त्यांना सविस्तर समजावून दिला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि कमिटीची बैठक बोलावली. बैठकीत एका भोकास अनुमती मिळाली. फळीला स्क्रू चार लागत होते. उरलेली तीन भोके मी पाडली ती केवळ पहिल्या भोकाचा खुलासा म्हणून, अशी माझी भूमिका होती आणि आजही आहे.

इतक्या यातायातीनंतर जी फळी उभी राहिली, तिच्यावर धसमुसळेपणाने शिकवणे म्हणजे श्रमांचा अपमान झाला असता. मी पद्धतशीर अभ्यासक्रम आखला. पाठ पहिला : लावणे. पाठ दुसरा : उघडणे. पहिला पाठ पक्का झाल्यावाचून दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा दंडक. कारण दोन परस्परविरुद्ध क्रिया एकाच वेळी शिकवल्यास कोवळ्या बुद्धीचा गोंधळ उडतो.

“लावली की उघडायची, त्यात गोंधळ कसला?” पत्नी म्हणाली. “दोन्ही एकदम शिकवा ना.”

“अगं, पाया घालतानाच कोणी कळस चढवतो का?”

“पाया, कळस काय? खिट्टी आहे ती!”

मी वाद वाढवला नाही. रोज सकाळी फळीवर बोटाच्या पेराने तीन टिचक्या मारायच्या, हा वर्ग सुरू झाल्याचा संकेत. त्या ऐकताच भिंगरी घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत येई. मी म्हणे, “कडी लाव.” ती लावी, मग वळून माझ्याकडे बघे आणि म्हणे, “पुन्ना!” पुन्हा लावायची तर कोणीतरी आधी उघडणे क्रमप्राप्त होते. ते काम मी करी; आणि अभ्यासक्रमाबाहेरचे ज्ञान तिला अकाली मिळू नये म्हणून उघडताना फळी माझ्या पाठीआड राहील अशा बेताने उभा राही. पत्नी स्वयंपाकघरातून हे पाही, आणि पातेल्यावरचे झाकण गरजेपेक्षा जरा मोठ्याने ठेवी.

पहिल्या पाठात भिंगरीने जी गती दाखवली, तिला तोड नाही. आठवड्याभरात घरातली एकही कडी मोकळी राहिली नाही. एकदा मी स्नानगृहात असताना तिने बाहेरून कडी लावली आणि पत्नी बाजारातून परत येईपर्यंत मी साबणाच्या वेष्टनावरील मजकूर वाचत बसलो. त्यात दोन ठिकाणी विरामचिन्हे चुकली होती. दुसऱ्या वेळी काका आमच्या सज्जात उभे राहून फळीच्या रंगाविषयी सल्ला देत असताना त्यांच्यामागे खट् झाले. काचेपलीकडून त्यांचे ओठ पुढे कितीतरी वेळ हलत होते. आपण कोंडले गेलो आहोत हे त्यांना सल्ला संपल्यावर कळले.

“आता तरी दुसरा पाठ घ्या,” पत्नी म्हणाली.

“पहिल्यात अडसर अजून कच्चा आहे,” मी म्हणालो.

अशा स्थितीत तो शनिवार उजाडला. त्या शनिवारावर किती गोष्टी टांगलेल्या होत्या हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पत्नी एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत घरांचे नकाशे काढी. भिंगरीच्या जन्मापासून ती घरी होती. कचेरीने तिची जागा आजवर कशीबशी राखली होती. आता सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसऱ्या कोणाला घेतो, असा निरोप होता. भिंगरीला दिवसभर कुठे ठेवायचे, हाच एक प्रश्न उरला होता, आणि त्याला उत्तरही एकच होते. जवळच्या त्या बालवाडीत एक जागा शिल्लक होती. पत्नीने आदल्या दिवशी नकाशाच्या पेन्सिली पेटीतून काढून एकेकीला टोक केले होते. ती याबद्दल काही बोलली नव्हती. परंतु टोक केलेल्या पेन्सिली मी पाहिल्या होत्या.

निघताना ती म्हणाली, “आज एवढं करा. बाईंनी काही विचारलं तर मी बोलेन. तुम्ही नुसतं हसा.”

“आणि मलाच विचारलं तर?”

“तरी हसा.”

मुख्याध्यापिकाबाई उंच, करड्या केसांच्या आणि अल्पाक्षरी होत्या. त्यांनी भिंगरीला खुर्चीवर बसवले, भिंगरी उतरली. पुन्हा बसवले; ती टेबलाखालून पलीकडे निघाली. बाईंनी कपाळाला आठी न घालता विचारले, “हिला काय काय येतं?”

“रंग ओळखते,” पत्नी म्हणाली. “आपापलं खाते. सांगितलेलं ऐकते.”

शेवटचे विधान इतके धाडसी होते की मला हसण्याचाही विसर पडला. “शिवाय कड्या लावते,” मी म्हणालो.

“काय लावते?”

पत्नीने माझ्या पायावर पाय ठेवला. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहून सांगितले, “आईवडिलांशिवाय मूल राहतं का, ते मला बघायचं असतं. दोघेही बाहेर थांबा.”

आम्ही बाहेर येऊन दारालगत उभे राहिलो. तेवढ्यात शिपाई आला.

“इथे उभं राहायचं नाही.”

“बाईंनी बाहेर थांबायला सांगितलंय,” मी म्हणालो.

“मग बाहेर थांबा. हा व्हरांडा आहे.”

“व्हरांडा खोलीच्या बाहेर असतो.”

“पण शाळेच्या आत असतो.”

“बाईंनी ‘शाळेच्या बाहेर’ असं म्हटलेलं नाही.”

“अहो, पुरे,” पत्नी पुटपुटली.

परंतु मुद्दा साधा नव्हता. ‘बाहेर’ हा शब्द कशाच्या अपेक्षेने वापरला आहे, हे ठरल्यावाचून कोणत्याही आज्ञेचे पालन होऊ शकत नाही. मी हे शिपायाला पटवून देऊ लागलो. त्याने आवाज चढवला. मी चढवला नाही, केवळ अधिक स्पष्ट केला. बाकावरच्या पालकांनी दोन्ही बाजू घेतल्या. तेव्हा दार उघडून खुद्द बाई बाहेर आल्या, आपल्यामागे दार लोटले आणि म्हणाल्या, “इथे शाळा आहे. कोण ओरडतंय?”

आणि त्यांच्या पाठीमागे खट् झाले.

ते खट् मी ओळखले. असे निर्दोष, एका दमात बसलेले खट् आमच्या फळीवर तयार झालेल्या हाताखेरीज होणे नाही. लज्जेची गोष्ट आहे, पण पहिला क्षणभर मला अभिमान वाटला.

त्या दाराला वरच्या बाजूने वाळवी लागली होती, म्हणून सुताराने आतला सरकता बोल्ट खाली, शाबूत लाकडात बसवला होता. म्हणजे नेमका भिंगरीच्या छातीच्या उंचीवर. खिडकी उंच होती, तिला गज होते, आणि तिच्यासमोर आतून कपाट होते. शिपायाने दाराची मूठ धरून ती जिवाच्या आकांताने ओढण्यास आरंभ केला.

“भिंगरी,” पत्नीने दाराशी वाकून साद घातली, “बाळा, उघड गं.”

“नाई,” आतून उत्तर आले. आवाज प्रसन्न होता.

मग दाराखालच्या फटीतून एक पेन्सिल बाहेर आली. पाठोपाठ दुसरी. मग एक फूटपट्टी. शिपायाने मूठ सोडून त्या गोळा केल्या आणि लांबीप्रमाणे लावून हातात धरल्या.

सल्ल्यांना आता बांध राहिला नाही. एक गृहस्थ म्हणाले, अग्निशामक दलाला बोलवा. एक बाई म्हणाल्या, गाणे म्हणा. तिसऱ्यांचे मत, रागवा. चौथ्यांचे, मुळीच रागवू नका. कोणीतरी सुताराला आणायला धावले. “उघड म्हटलं तर कळत नाही का हिला?” एका आजोबांनी विचारले.

“नाही,” मी म्हणालो. “तो पाठ अजून व्हायचा आहे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. “म्हणजे?”

मी अभ्यासक्रमाची रूपरेषा सांगू लागलो. पाया, कळस, कोवळी बुद्धी, हे सारे मी बऱ्यापैकी संक्षेपात मांडत होतो. इतक्यात आतून काहीतरी फरशीवर घासत नेल्याचा आवाज आला. बाई एकदम म्हणाल्या, “स्टूल ओढतेय ती. टेबलाकडे.” आणि मग, खालच्या आवाजात, “टेबलावर माझा थर्मास आहे. आत्ताच भरलाय. झाकण सैल आहे त्याचं.”

माझे वाक्य अर्धवट राहिले. असे पूर्वी कधी झाले नव्हते. पत्नी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी त्यास उत्तर दिले असते. राग नव्हता.

मी व्हरांड्याच्या फरशीवर पालथा झोपलो, फटीला तोंड लावले, आणि दारावर पेराने तीन टिचक्या मारल्या.

स्टुलाचा आवाज थांबला. मग इवली पावले पट्पट् करीत दारापर्यंत आली आणि फटीत दोन लाल बूट दिसू लागले.

“आली!” पत्नी कुजबुजली. “आता उघडायला शिकवा. लवकर.”

मी घसा साफ केला. “भिंगरी,” मी म्हणालो, “कडी लाव.”

व्हरांड्यात हलकल्लोळ झाला. “अहो, लावलेलीच आहे ना!” “लावायला काय सांगताय?” “यांना उचला कोणीतरी!”

“दुसऱ्या पाठाआधी पहिल्याची उजळणी होते,” मी फरशीवरून म्हणालो. “हा क्रम मोडता येत नाही.” खरे सांगायचे तर त्या क्षणी मला दुसरे काही सुचतच नव्हते. माणसाची बुद्धी गेली तरी सवय जात नाही.

“पुन्ना?” आतून विचारणा झाली.

“हो. पुन्हा लाव.”

लाल बूट दाराच्या अगदी जवळ सरकले. आत थोडी खुडबुड झाली. लागलेली कडी पुन्हा लावता येत नाही, हे भिंगरीच्या ध्यानात येत असावे. आजवर ही अडचण बाप नावाचा इसम पाठमोरा उभा राहून दूर करी; आज तो पलीकडे होता. खुडबुड वाढली. शिपायाने उत्साहाने मूठ पुन्हा ओढली.

“ओढू नका!” पत्नी म्हणाली. “तुम्ही ओढलं की बोल्ट अडकतो. सरकायचा कसा तो?”

शिपायाने मूठ सोडली. आणि खट्.

“उघडली!” पत्नी ओरडली. मी पडल्या पडल्या मुठीकडे हात नेईतो पुन्हा खट्.

“लागली,” बाई म्हणाल्या.

“पुन्ना!” आतून आनंदाचा चीत्कार आला, आणि मग खट्, खट्, खट्, खट्, असा सपाटाच सुरू झाला. माझ्या सबंध अभ्यासक्रमातला दुसरा पाठ तिने माझ्या अनुपस्थितीत आपला आपण पुरा केला होता, आणि आता ती त्याची उजळणी करीत होती. प्रश्न इतकाच उरला की यांतले उघडण्याचे खट् कोणते? मी सर्वांस समजावले की, पहिले लावण्याचे होते, म्हणून दुसरे उघडण्याचे, तिसरे लावण्याचे, आणि याच न्यायाने पुढे.

“आत्ताचं कितवं?” बाईंनी विचारले.

“मी बोलत होतो,” मी म्हणालो. “तुमच्यापैकी कोणी मोजली नाहीत?”

पालकांत दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या मते दार या घटकेला उघडे होते, दुसऱ्याच्या मते बंद. मी पहिल्या पक्षाच्या भरवशावर उठून, दोन्ही पाय रोवून, मूठ ओढली. दार बंद होते. मूठ माझ्या हातात आली, आणि मी शिपायासह, शिपायाच्या हातातील पेन्सिलींसह, बाकावर जाऊन बसलो. बाई पुढे झाल्या. मोडलेल्या मुठीच्या भोकात त्यांनी फूटपट्टीचे टोक अडकवले, कान दाराला लावला, आणि एकही शब्द न बोलता थांबल्या. आतला सपाटा चालूच होता. खट् झाले, ते लावण्याचे होते; त्या हलल्या नाहीत. पुन्हा खट् झाले; आणि त्यांनी दार सहज, एखाद्या पुस्तकाचे पान उलटावे तसे, उघडले.

भिंगरी उंबरठ्यात उभी होती. गमतीच्या ऐन भरात कोणी दार उघडावे, याचा तिला मनस्वी संताप आला होता. तिने भोकाड पसरले आणि दार पुन्हा ओढून घेण्यासाठी धाव घेतली. पत्नीने तिला उचलले, आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. स्टूल टेबलाला टेकलेले होते. थर्मास जागच्या जागी होता.

मी कपडे झटकले. प्रसंग निभावला होता, आणि तो कोणत्या तत्त्वामुळे निभावला हे उपस्थितांच्या नजरेस आणणे आवश्यक होते. “आपल्या लक्षात आलं असेलच,” मी बाईंना म्हणालो, “की पहिला पाठ पक्का असला म्हणजे दुसरा पाठ मूल स्वतःच…”

“आत या,” बाई म्हणाल्या.

आम्ही आत गेलो. त्यांनी थर्मासचे झाकण घट्ट केले, तो उंच कपाटावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. पत्नी उभीच होती. तिने भिंगरीला इतके आवळून धरले होते की भिंगरी, जन्मात प्रथमच, हलत नव्हती.

“एवढ्या वेळात रडली नाही,” बाई म्हणाल्या. “घाबरली नाही. एकटी होती, कामात होती. इथे राहील ही.”

पत्नी एक पाऊल पुढे आली. “म्हणजे सोमवारी…?”

“सोमवारी आणा.”

मी आभार मानण्यासाठी एक चांगले वाक्य जुळवले आणि तोंड उघडले. बाईंनी हात वर केला. मग मोडलेली मूठ माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली आणि पत्नीकडे पाहून म्हणाल्या :

“मुलीला घेतलं. हे मात्र फाटकापर्यंतच.”